कॅट, कर्ज आणि कापसाचा हंगाम: एमबीए की स्वतःचा धंदा, हे एका वर्षात कसं ठरवायचं

आर्वी, वणी, दर्यापूर, मोर्शीकडून इंजिनिअरिंग करून पुण्या-बंगळूरला लागलेल्या पोरापोरींच्या डोक्यात तिसऱ्या-चौथ्या वर्षी दोन विचार एकदमच घोळायला लागतात. एमबीए करून कोडिंगमधून बाहेर पडावं, किंवा गावाकडे येऊन स्वतःचं काही सुरू करावं. बहुतेक जण दोन्ही एकाच दाव्याला बांधतात: आधी एमबीए, मग धंदा. पण एमबीएच्या कर्जाचा हप्ता सुरू झाला की धंद्याचा मुहूर्त दर दसऱ्याला पुढच्या दसऱ्यावर ढकलला जातो. त्यामुळे आधी हे की आधी ते, असं वर्षानुवर्षं घोळत बसू नका. नोकरी न सोडता एकाच वर्षात दोन्ही तपासून पाहता येतं.

दोन ते सहा वर्षं अनुभव, पगारातला काही भाग दर महिन्याला घरी जातो, आणि गावाकडच्या एखाद्या धंद्याला सॉफ्टवेअर विकता येईल असं वाटतं, अशांसाठी हा आराखडा आहे. जुलैत सुरुवात करायची आणि पाडव्याच्या सुमारास निर्णय घ्यायचा. सालगड्याचं सालही तेव्हाच ठरतं.

हप्ता आधी, कॉलेज नंतर

समजा हाती ७०,००० रुपये येतात आणि त्यातले २०,००० घरी जातात. जुन्या आयआयएममध्ये दोन वर्षांची फी साधारण २० ते २८ लाखांच्या घरात आहे. आपण २२ लाख धरू. दर सहा महिन्यांना साडेपाच लाख या हिशेबाने साडेनऊ टक्क्यांनी कर्ज उचललं, तर कोर्स संपेपर्यंत नुसतं व्याजच सुमारे २.६ लाख चढतं. लगेच दहा वर्षांचे हप्ते सुरू केले तर महिन्याला सुमारे ३१,८५० रुपये बसतात. कोर्सनंतर वर्षभर थांबायची सवलत बँक देते. ती वापरली तर आणखी दोन लाखांवर व्याज चढतं आणि हप्ता ३४,५५० होतो. ही सवलत फुकटची नाही, आणि मंजुरीच्या दिवशी हे कोणी समजावून सांगत नाही.

आता बँकेच्या कागदावर न दिसणारे दोन आकडे. दोन वर्षांचा बुडालेला पगार १६.८ लाख. आणि घरी जाणारे २०,००० दोन वर्षं कोण पाठवणार? ते ४.८ लाख अ‍ॅडमिशनच्या आधी बाजूला काढून ठेवावे लागतात. नाही काढले तर पहिल्याच वर्षी एखादं बोंडअळीचं किंवा ओल्या दुष्काळाचं साल येतं आणि तुम्ही हॉस्टेलमधून पर्सनल लोन घेता.

एमबीएनंतर हप्ता आणि घरचे मिळून महिन्याला जवळजवळ ५५,००० पक्के जाणार. एवढं ओझं असताना नोकरी सोडून धंद्यात उतरणारे फार थोडे. त्यामुळे काम बदलायचं असेल, म्हणजे कोडिंगमधून प्रॉडक्ट, कन्सल्टिंग, ऑपरेशन्स किंवा फायनान्समध्ये जायचं असेल, तर चांगल्या कॉलेजचा एमबीए पैसे वसूल करून देतो. कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या, ताळेबंद वाचायची सवय आणि देशभरात पसरलेले वर्गमित्र, या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिलं गिऱ्हाईक मात्र एमबीए देत नाही. ते हिंगणघाटात किंवा वरुडातच शोधावं लागतं.

तिसरी एक वाट फारशी कोणी विचारात घेत नाही. आहे त्या कंपनीतच प्री-सेल्समध्ये (विक्रीआधी ग्राहकाला सॉफ्टवेअर समजावून दाखवणारी टीम) किंवा ग्राहकाकडे जाऊन सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या टीममध्ये बदली मागा. वर्षभर समोरच्या माणसाचे ‘नाही’ ऐकण्याची सवय होते आणि पगारही चालू राहतो. विकायला शिकण्याचा याहून स्वस्त कोर्स नाही.

कोणती परीक्षा कोणासाठी

कॅट, म्हणजे आयआयएम आणि इतर बऱ्याच कॉलेजांच्या एमबीएची प्रवेश परीक्षा, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. नोंदणी ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, केंद्रं नागपूर-अमरावतीतही असतात. तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं, आणि एका विभागाचा वेळ दुसऱ्याला देता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर १ वजा, आणि उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना वजाबाकी नाही. ते कोरे सोडून येणं हा निव्वळ तोटा. गुण एकाच प्रवेशवर्षापुरते चालतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांचं गणित सहसा निभावतं, मार बसतो तो इंग्रजी उताऱ्यांत. त्यावर ‘हजार शब्द पाठ करा’ हा उपाय चालत नाही. जुलैपासून रोज अर्धा तास अर्थकारण, इतिहास, मानसशास्त्रावरचे लांब इंग्रजी लेख वाचा आणि प्रत्येक लेखाचा सारांश मराठीत दोन ओळींत लिहा. लेख समजला की नाही, हे त्या दोन ओळींतच उघडं पडतं. नोकरी करून आठवड्याला १२ ते १५ तास निघाले तर पाच महिने पुरतात. पंचवीसेक मॉक (सराव परीक्षा) द्या, आणि मॉक द्यायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चुका तपासण्यात घाला.

कॉलेज गुणांबरोबर दहावी-बारावी-पदवीचे टक्केही मोजतात. खुल्या प्रवर्गातल्या इंजिनिअर मुलाला जुन्या आयआयएमचं बोलावणं सहसा ९९ पर्सेंटाइलच्या वरच येतं. आयआयएम नागपूर २०१५ मध्ये सुरू झालं, आता मिहानमध्ये त्याचा स्वतःचा परिसर आहे. घरापासून दोन-तीन तासांवर असणं हा मुद्दा छोटा वाटतो. आई-वडील आजारी असलेल्याला तो छोटा वाटत नाही.

अनुभव चार-पाच वर्षांच्या पुढे असेल तर जीमॅट या दुसऱ्या प्रवेश परीक्षेकडे बघा. परीक्षा सव्वादोन तासांची, ६४ प्रश्नांची, आणि गुण पाच वर्षं टिकतात. यंदा धंदा, जमलं नाही तर नंतर एमबीए, अशी सोय कॅटमध्ये नाही, इथे आहे. हैदराबाद-मोहालीच्या आयएसबीचा (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) एक वर्षाचा कोर्स किमान २४ महिन्यांच्या पूर्णवेळ नोकरीवर मिळतो, आयआयएम अहमदाबादच्या एक वर्षाच्या कोर्सला किमान चार वर्षं लागतात. पगार एकच वर्ष बुडतो, फी मात्र चढी. सहा-सात वर्षं अनुभव असताना दोन वर्षांच्या साध्या कोर्सला जाऊ नका. कॅम्पसवर तुम्हाला तेवीस वर्षांच्या पोराच्याच रांगेत आणि बरेचदा त्याच पगारावर उभं करतात.

राज्याची एमबीए सीईटी कमी लेखू नये. २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीला वजाबाकी नाही, म्हणून एकही गोल रिकामा सोडायचा नाही. मुंबईच्या जमनालाल बजाजसारख्या संस्थेची फी जुन्या आयआयएमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास बसते. कर्ज तेवढंच कमी, आणि धंद्याची वाट तेवढी मोकळी राहते. शेतमालाच्याच धंद्यात राहायचं पक्कं असेल तर आणंदचं इरमा (ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी संस्था) आणि अहमदाबाद-लखनौ आयआयएमचे कृषी-व्यवसायाचे कोर्स आहेत. इरमा कुठल्याही शाखेचा पदवीधर घेतं. अर्ज करण्याआधी इतर दोघांच्या पात्रतेच्या अटी नीट वाचा.

मुलाखतीत विदर्भाच्या पोराला कापूस विचारतातच. एक क्विंटल कापसातून रुई किती, गठाण किती किलोची, हमीभाव किती? २०२५-२६ साठी मध्यम धाग्याचा ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये होता. ‘वडील शेतकरी आहेत’ असं सांगून हे आकडे येत नसतील तर तिथेच गुण जातात.

कागदपत्रं जिथे अडतात

ओबीसीतून अर्ज भरणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमिलेयर अपलोड करणं. आयआयएमला केंद्राच्या नमुन्यातलं, त्या आर्थिक वर्षाच्या १ एप्रिलनंतरचं लागतं. सेतूवर अर्ज करतानाच ‘केंद्र शासनासाठी’ असं सांगा. नाहीतर एसडीओ कार्यालयातून राज्याचं छापून येतं आणि सप्टेंबरात पुन्हा पहिल्यापासून फेरी. राज्यात व्हीजे-एनटी किंवा एसबीसीत असलेल्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून आहेत. आधी केंद्राची यादी बघा. क्रिमिलेयर आई-वडिलांच्या स्थितीवरून ठरतं, तुमच्या सॉफ्टवेअरच्या पगारावरून नाही. हे न कळल्यामुळे कित्येक जण उगाच खुल्या प्रवर्गातून अर्ज भरतात. सीईटीने प्रवेश घेणाऱ्यांना जात पडताळणी आणि डोमिसाइलही हाताशी ठेवावं लागतं.

शैक्षणिक कर्जात घोटाळा होतो तो वडिलांच्या सिबिलवर, म्हणजे जुन्या कर्जफेडीच्या नोंदीवर. वडील सहकर्जदार असतात आणि त्यांच्या नावावर जुनं थकीत पीककर्ज, किंवा कधीतरी ‘सेटल’ दाखवलेलं ट्रॅक्टरचं कर्ज निघतं. कर्जमाफीत बसलेलं खातंही कधी कधी नोंदीत नीट बंद झालेलं नसतं. म्हणून अ‍ॅडमिशनच्या आठ महिने आधी वडिलांचा सिबिल रिपोर्ट काढा. खातं मिटलेलं असूनही नोंद उघडी दिसत असेल तर बँकेकडून नो-ड्यूज घेऊन दुरुस्तीचा अर्ज करा.

दुसरा गैरसमज सातबाऱ्याचा. ‘आपली दहा एकर आहे, ठेवू तारण,’ असं घरचे म्हणतात. पण शेतजमिनीला २००२ चा सरफेसी कायदा लागू होत नाही, म्हणजे बँकेला ती कोर्टाबाहेर जप्त करून विकता येत नाही. म्हणून बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन घेतच नाहीत. आणि गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. ड्रोन मोजणीनंतर आलेलं मालमत्ता पत्रक असेल तर ते दाखवा. नामांकित संस्थांसाठी बऱ्याच बँका विनातारण कर्ज देतात. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलतही मिळते. आधी कॉलेज यादीत आहे का ते बघा, मग वडिलांना बँकेत न्या.

धंद्याची परीक्षा: एक हंगाम, एक गिऱ्हाईक

अभ्यास चालू असतानाच हेही चालवायचं. जिनिंग (कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणारा कारखाना), अकोल्याकडची डाळ मिल, गोंदिया-भंडाऱ्याची राइस मिल, मोर्शी-वरुडचा संत्रा व्यापारी, कृषी सेवा केंद्र, यांतला एकच धंदा निवडा. ‘शेतकऱ्यांसाठी अ‍ॅप’ हा धंदा नाही. पैसे कोण देणार, याचं उत्तर त्यात नसतं. इथे उदाहरण जिनिंगचं घेऊ.

जिनिंगवाला दसऱ्यापासून मार्चपर्यंत तुमच्याशी बोलणार नाही. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली असते. तो निवांत सापडतो पोळ्याच्या आधी, रेच्यांची, म्हणजे रुई-सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांची, दुरुस्ती चालू असते तेव्हा. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी वीस जिनिंगना भेटी द्या. मामाचं जिनिंग असेल तर ते एकविसावं धरा, मोजू नका.

‘असं सॉफ्टवेअर केलं तर घ्याल का?’ हे विचारूच नका. ‘बरं आहे, करा ना,’ असंच उत्तर येतं, आणि त्याची किंमत शून्य. गेल्या हंगामातली काटापावतीची पुस्तकं बघायला मागा. रात्री बेरीज कोण करतं, किती वाजता घरी जातं, गेल्या साली चुकाऱ्यावरून कुठली भांडणं झाली, ते विचारा. बोलायचं मालकाशी, पण बसायचं मुनीमाजवळ. वापरणारा तो आहे, आणि नको असेल तर हाणून पाडणाराही तोच.

काट्यापासून चुकाऱ्यापर्यंतचा प्रवास असा. भरलेली गाडी काट्यावर, मग रिकामी, फरक म्हणजे निव्वळ वजन. ओलावा पाहून भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा, उरलेला चुकारा. एवढं सॉफ्टवेअर कोणीही दोन आठवड्यांत लिहील, आणि अशी सॉफ्टवेअरं बाजारात आहेतही. मालक पैसे मोजतो ते उताऱ्यासाठी, म्हणजे कापसातून रुई किती निघाली त्या हिशेबासाठी. शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. दिवसाला ५०० क्विंटल कापूस रेच्यांवर चढवणाऱ्याचा उतारा एका टक्क्याने घसरला तर ५ क्विंटल रुई गेली, म्हणजे १७० किलोच्या जवळजवळ तीन गठाणी. कुठल्या गंजीचा उतारा कमी आला आणि तो कापूस कुठल्या गावाकडून, कोणत्या भावाने घेतला होता, हे त्याला त्याच रात्री कळलं तर दुसऱ्या दिवशीचा भाव तो बदलतो. विकायचं ते हे.

कोडिंग येणाऱ्याची फसगत होते ती कोडच्या बाहेर. काट्याच्या इंडिकेटरमधून वजन नऊ पिनांच्या सिरियल पोर्टने येतं. लॅपटॉपला ते पोर्ट नसतं, म्हणून यूएसबी कन्व्हर्टर लागतो. बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग) २४०० आहे की ९६०० हे इंडिकेटरच्या मागे लिहिलेलं नसतं, एकेक लावून बघावं लागतं. आकडा सतत वाहत असतो, तेव्हा लागोपाठ पाच वेळा तोच आला तरच तो वजन म्हणून घ्या, नाहीतर गाडी हलत असतानाचा आकडा छापला जातो. मोठ्या मोटारी सुरू होताना झटका बसून साधा कन्व्हर्टर जळतो. आयसोलेशन असलेला घ्या आणि एक जादा जवळ ठेवा. पावती तीन प्रतींत लागते, म्हणून डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. त्यावर मराठी अक्षरं चित्र म्हणून छापावी लागतात आणि प्रिंटर निम्म्याहून हळू चालतो. रांगेतला शेतकरी ओरडतो. नाव-गाव मराठीत आणि बाकी आकडे साध्या मोडमध्ये, असा मेळ घातला तर निभतं. इंटरनेट नसताना सगळं चालायला हवं, डेटा रात्री वर गेला तरी हरकत नाही. लाइट गेल्यावर दहा मिनिटं तग धरणारा यूपीएस मालकाच्याच खर्चात धरा.

हिशेबातली एक गोष्ट हमखास सुटते. नोंदणीकृत जिनिंगने शेतकऱ्याकडून कापूस घेतला की त्यावरचा ५ टक्के जीएसटी उलट आकारणीने जिनिंगलाच भरावा लागतो, नोव्हेंबर २०१७ पासून. त्यासाठी जिनिंगने स्वतःच काढायची बिलं तुमच्या सॉफ्टवेअरने काढली आणि टॅलीत नीट उतरवली तर सीएसुद्धा तुमच्या बाजूने बोलतो. आणि कधीतरी कोणीतरी वजन हाताने बदलायची सोय मागेलच. ती देऊ नका. वजनाच्या वादात तालुक्यात नाव खराब व्हायला एक पावती पुरते.

तिसऱ्या भेटीत किंमत सांगा. समजा हंगामाला ३०,००० रुपये, त्यातले ५,००० आगाऊ. वीसपैकी तिघांनी काढून दिले तर बनवायला घ्या. एकाने दिले तर अडचण दुसरी शोधा, गिऱ्हाईक तेच ठेवा. कोणीच दिले नाहीत तर वाचलात. पण नोकरीचा करार आधी वाचा. बहुतेक करारांत दुसरं उत्पन्न मिळवायला मनाई असते. लेखी परवानगी घ्या. ती मिळत नसेल तर हंगामभर मोफत चाचणी आणि पसंत पडलं तर एप्रिलनंतर पैसे, असं सही केलेलं पत्र घ्या. सहीला आगाऊ रकमेइतकं वजन नसतं, पण नुसत्या ‘बरं आहे’पेक्षा बरंच असतं. भावाच्या नावावर बिल फाडायची युक्ती सगळ्यांना सुचते. काम तुम्हीच करताय म्हटल्यावर ती टिकत नाही. कोड ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा ऑफिसच्या वेळेत लिहायचा नाही, नाहीतर त्याची मालकी कंपनी सांगू शकते. नोकरी सोडल्यानंतर स्वतःचा धंदा करू नये, ही अट मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. कंपनीची गुपितं आणि ग्राहकयादी वापरायची नाही, ही अट टिकते.

कॅट झाली की डिसेंबरात दोन-तीन जिनिंगवर बसवा. दहा दिवसांची रजा यासाठी राखून ठेवा, पहिले तीन दिवस काट्याजवळ माणूस हवाच. पुढे फोनवर निभतं, पण फोन रात्री आठला येतात. तालुक्यातलाच एखादा कॉम्प्युटर येणारा पोरगा रोजाने तयार ठेवा. पहिले काही आठवडे मुनीम वही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालवतो. वही बंद झाली त्या दिवशी तुमचं सॉफ्टवेअर खरं विकलं गेलं. फेब्रुवारीतही वही चालूच असेल तर पुढच्या साली पैसे येणार नाहीत, मालक कितीही गोड बोलला तरी.

पाडव्याला हातात काय काय आहे

मार्च-एप्रिलपर्यंत मुलाखती आटोपतात आणि हंगामही. प्रवेश चांगला आणि मुनीमाची वही चालूच, तर शिकायला जा. प्रवेश नाही, पण दोघा-तिघांनी पुढच्या सालचे पैसे कबूल केले, तर धंदा. दोन्ही नाही, तर नोकरी बदला, प्री-सेल्सकडे वळा, राजीनाम्याचं नाव काढू नका. दोन्ही हातात असतील तर आमचं मत धंद्याकडे झुकतं, कारण परीक्षा पुन्हा देता येते. मुनीम एकदा जुन्या वहीवर परतला की पुन्हा येत नाही. अट एकच, शिल्लक पुरेशी हवी.

शिल्लक किती? गावात राहून स्वतःचा खर्च, घरचे, पेट्रोल आणि फोन-इंटरनेट मिळून ४५,००० धरा, गुणिले अठरा महिने, म्हणजे ८.१ लाख. बारा महिने पुरत नाहीत, कारण हे गिऱ्हाईक वर्षातून एकदाच खरेदी करतं. दसऱ्याची गाठ चुकली की पुढच्या दसऱ्यापर्यंत आवक नाही. दवाखान्याचे पैसे आणि आरोग्य विमा याच्या बाहेर. सलग पाच वर्षं सेवा झालेली नसताना पीएफ काढला तर त्यावर कर बसतो, आणि ग्रॅच्युइटीलाही साधारण पाच वर्षं लागतात. पाच वर्षांना तीन महिने उरले असतील तर थांबा, तेवढ्या पैशांत दोन महिने निघतात.

राजीनामा मार्च-एप्रिलात द्यावा. मे ते सप्टेंबर बनवायला आणि विकायला मिळतात. दिवाळीत घरी येऊन भावनेच्या भरात नोकरी सोडणारे नेमके चुकीच्या महिन्यात सोडतात. एमबीएला जाणाऱ्यांनी ९० दिवसांचा नोटीस पिरियड मोजावा. निकाल एप्रिल-मेमध्ये लागतो, कोर्स जूनमध्ये सुरू होतो, तीन महिने बसत नाहीत. नोटीसचे दिवस पैसे भरून कमी करता येतात का, हे जानेवारीतच एचआरला न सांगता करारात वाचून ठेवा. शेवटी रिलिव्हिंग लेटर अडलं तर कॉलेजच्या कागदपत्र तपासणीत अडचण येते.

नोंदणी, आणि घाई कशाला नको

पहिल्या दिवशी प्रायव्हेट लिमिटेड काढू नका. आधार-पॅनवर उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) फुकट होते, त्यासाठी पैसे मागणारी वेबसाइट सरकारी नसते. गुमास्ता, उद्यम आणि करंट खातं एवढ्यावर एकट्याचा धंदा चालतो. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाख ओलांडेपर्यंत जीएसटी सक्तीचा नाही. घेतला तर दर महिन्याची किंवा तिमाहीची विवरणपत्रं मागे लागतात.

भागीदार आला, बाहेरचा पैसा घ्यायचा झाला किंवा मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली, की कंपनी. किमान दोन संचालक लागतात. दुसरा म्हणून आईचं नाव घालण्याआधी तिला काय सही करतेय ते समजावून सांगा. मित्र भागीदार असेल तर त्याचा हिस्सा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने आणि पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावरच सुरू होईल, असं लिहून घ्या. आठव्या महिन्यात कॅनडाला गेलेला भागीदार अर्धी कंपनी सोबत घेऊन जातो, आणि पुढचा गुंतवणूकदार ते बघूनच उठतो.

पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार योजनेत ग्रामीण भागात प्रकल्पाच्या २५ टक्के, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरेंना ३५ टक्के अनुदान आहे, सेवा उद्योगाला २० लाखांच्या प्रकल्पापर्यंत. पण अनुदान कर्जाशी बांधलेलं असतं. सॉफ्टवेअरच्या धंद्याला यंत्रसामग्री फारशी लागत नाही, त्यामुळे अनुदानाच्या मोहात कर्ज काढणं म्हणजे स्वस्तात मिळाली म्हणून बैलजोडी घ्यायची आणि वावर भाड्याने शोधत फिरायचं.

कंपनी काढलीच तर या मुदती भिंतीवर लिहा. नोंदणीनंतर १८० दिवसांत व्यवसाय सुरू केल्याची घोषणा, आणि वार्षिक सभेनंतर ३० आणि ६० दिवसांत भरायचे दोन फॉर्म. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. धंदा झाला नाही म्हणून फॉर्म भरले नाहीत, अशी दोन फॉर्मची वर्षभराची थकबाकी ७३,००० होते, आणि कंपनी बंद करायच्या अर्जाचे १०,००० वेगळे. उलाढाल शून्य असली तरी मीटर थांबत नाही. म्हणून सीएला वर्षाची फी ठरवतानाच ‘उलाढाल शून्य असली तरी वार्षिक फॉर्म भरायचे’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्या.